विमानवाहू नौकेवर उतरताना वैमानिक इंजिन फुल का करतो?

१८ मार्च २०१६. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळ ‘यूएसएस आयझेनहॉवर’ ही विमानवाहू नौका सरावात होती. डेकवर एक विमान उतरलं. ‘ई-२सी हॉकआय’, दोन पंखे असलेलं, पाठीवर तबकडीसारखं रडार घेऊन फिरणारं. त्याच्या शेपटीखालच्या हूकने डेकवरचा पोलादी दोर पकडला, विमानाचा वेग कमी होत गेला आणि पुढच्याच क्षणी दोर तुटला.

विमान डेकच्या टोकापर्यंत घसरत गेलं आणि खाली दिसेनासं झालं. डेकवरच्या कॅमेऱ्याच्या व्हिडिओत दोन-तीन सेकंद फक्त समुद्र दिसतो. मग खालून, पाण्याला जवळपास टेकून, तेच विमान हळूहळू वर येताना दिसतं. विमानातले सगळे वाचले आणि ते सुखरूप जमिनीवरच्या तळावर उतरले. तुटलेल्या दोराचा फटका बसून डेकवरचे आठ नौसैनिक जखमी झाले.

हा व्हिडिओ आजही सोशल मीडियावर फिरतो. पाहणारे म्हणतात, नशीब! नशीब होतंच. पण ते विमान परत वर येऊ शकलं, त्यामागे एक नियमही होता. तो ऐकायला उलटा वाटतो: विमानवाहू नौकेवर चाकं टेकली की वैमानिकाने इंजिनची ताकद कमी करायची नाही, ती पूर्ण वाढवायची.

थांबायचंय, तर ताकद का वाढवायची? या एका प्रश्नाचं उत्तर शोधलं की विमानवाहू नौकेवरचं सगळं लँडिंग समजतं.

आधी जागेचा हिशेब

मुंबई विमानतळाची मुख्य धावपट्टी सुमारे साडेतीन किलोमीटर लांब आहे. आपली स्वदेशी विमानवाहू नौका ‘आयएनएस विक्रांत’ टोकापासून टोकापर्यंत २६२ मीटर आहे, तर ‘आयएनएस विक्रमादित्य’ २८४ मीटर. ही झाली अख्ख्या नौकेची लांबी. त्यातला काही भागच उतरण्यासाठी असतो. बाकीच्या जागेत विमानं उभी असतात, उड्डाणाची तयारी चाललेली असते, माणसं काम करत असतात.

विक्रांत आणि विक्रमादित्यवरचं ‘मिग-२९के’ किंवा अमेरिकेचं ‘एफ/ए-१८’ यांसारखं लढाऊ विमान उतरताना साधारणपणे ताशी २४० ते २७० किलोमीटर वेगाने येतं. त्याहून फार हळू उडालं तर ते हवेत तरंगू शकत नाही. म्हणजे महामार्गावरच्या गाडीच्या अडीच-तीनपट वेगाने येणारी, कित्येक टन वजनाची वस्तू सुमारे १०० मीटरमध्ये उभी करायची. नुसत्या ब्रेकने हे होणं शक्य नाही.

हूक आणि दोर

यावरचा उपाय शंभर वर्षांहून जुना आहे. १८ जानेवारी १९११ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरात यूजीन इली या अमेरिकी वैमानिकाने ‘यूएसएस पेनसिल्व्हेनिया’ या युद्धनौकेवर बांधलेल्या लाकडी फलाटावर विमान उतरवलं. फलाटावर आडवे दोर ताणले होते आणि प्रत्येक दोराच्या दोन्ही टोकांना वाळूच्या पिशव्या बांधल्या होत्या. विमानाखालचे हूक दोरांत अडकले, पिशव्या ओढल्या गेल्या आणि विमान थांबलं.

कल्पना आजही तीच आहे. वाळूच्या पिशव्यांच्या जागी डेकखालची अवजड यंत्रणा आली, इतकंच. उतरण्याच्या पट्ट्यावर जाड पोलादी दोर आडवे ताणलेले असतात. त्यांना ‘अरेस्टर वायर’ म्हणतात. विक्रांत आणि विक्रमादित्यवर असे तीन दोर आहेत. अमेरिकेच्या बऱ्याच नौकांवर चार आहेत, काही नव्या नौकांवर तीन.

दोराची दोन्ही टोकं कप्प्यांवरून डेकखाली जातात. तिथे दट्ट्या आणि द्रवाने भरलेलं नळकांडं असतं. विमानाने दोर ओढला की दट्ट्या द्रवाला एका अरुंद वाटेतून रेटतो. त्या विरोधात विमानाचा वेग जिरतो. दुचाकीचा शॉक अॅब्सॉर्बर काम करतो त्याच तत्त्वावर, पण प्रचंड प्रमाणात. अमेरिकेच्या ‘निमित्झ’ वर्गाच्या नौकांवरची यंत्रणा सुमारे २४ टनांचं, ताशी २४० किलोमीटर वेगाने येणारं विमान ९६ मीटरच्या आत थांबवू शकते. सगळा खेळ दोन ते तीन सेकंदांचा. एवढ्या वेळात वैमानिकाच्या शरीरावर त्याच्या वजनाच्या साधारण अडीचपट जोर येतो. तो पट्ट्याने खुर्चीला घट्ट बांधलेला नसेल, तर समोरच्या काचेवर आदळेल.

प्रत्येक विमानाआधी ही यंत्रणा त्या विमानाच्या प्रकाराप्रमाणे आणि वजनाप्रमाणे ‘सेट’ करावी लागते. पकड जास्त घट्ट ठेवली तर विमानाचं किंवा हूकचं नुकसान होऊ शकतं. सैल ठेवली तर विमान डेकवरून पुढे समुद्रात जाऊ शकतं.

मग ताकद का वाढवायची?

कारण हूक दोराला लागेलच याची खात्री नसते. हूक दोन दोरांच्या मधल्या जागेवर आदळून उडी मारू शकतो, किंवा विमान थोडं उंचावरून येऊन सगळ्या दोरांच्या पुढे टेकू शकतं.

समजा, वैमानिकाने चाकं टेकताच सवयीने इंजिन कमी केलं आणि हूक लागलाच नाही. डेकच्या तुलनेत विमानाचा वेग ताशी २०० किलोमीटर धरला तरी ते सेकंदाला ५५ मीटर पुढे जातं. समोर उरलेला डेक शंभरएक मीटर. म्हणजे हाताशी वेळ दोन सेकंदांहून कमी. हूक लागला नाही हे लक्षात येणं, हात पुढे ढकलणं, आणि मग इंजिनने ताकद पकडणं, हे दोन सेकंदांत बसत नाही. जेट इंजिनला कमी ताकदीवरून पूर्ण ताकदीवर यायलाच काही सेकंद लागतात.

म्हणून नियम असा: चाकं टेकली की थ्रॉटल पुढे. हूक लागला तर दोर इंजिनच्या ताकदीसकट विमानाला धरून ठेवतो आणि विमान थांबल्यावर वैमानिक इंजिन कमी करतो. हूक लागला नाही, तर विमान आधीच उडायला तयार असतं. ते सरळ डेकवरून पुढे निघून जातं, वळसा घेतं आणि पुन्हा येतं.

हूक न लागता असं निघून जाण्याला ‘बोल्टर’ म्हणतात. व्हिडिओखाली कुणीतरी हमखास लिहितं, “पायलटला जमलं नाही.” पण बोल्टर म्हणजे अपघात नव्हे. तो पद्धतीतच धरलेला असतो. अनुभवी वैमानिकांकडूनही होतो.

हॉकआयच्या बाबतीतही तेच झालं. दोर तुटला तेव्हा विमानाचा बराच वेग जिरला होता, पण इंजिनं पूर्ण ताकदीवर होती. डेकपासून पाण्यापर्यंतची थोडीशी उंची आणि चालू असलेली ताकद, एवढ्या भांडवलावर ते विमान सावरलं. त्यातल्या तिघांना पुढे पदक देण्यात आलं. दुरुस्तीच्या कामात दोराच्या यंत्रणेची एक पायरी राहून गेली होती, असं चौकशीत समोर आलं.

पूर्वी नेमकं उलटं होतं

ही पद्धत पहिल्यापासून नव्हती. सुरुवातीच्या काळात चालत्या जहाजावर उतरणं हाच जिवावरचा प्रयोग होता. ब्रिटनचे एडविन डनिंग यांनी २ ऑगस्ट १९१७ रोजी ‘एचएमएस फ्युरियस’ या चालत्या नौकेवर विमान उतरवलं. जगात असं पहिल्यांदाच घडलं होतं. पाचच दिवसांनी, ७ ऑगस्टला, पुन्हा उतरताना त्यांचं विमान डेकवरून समुद्रात पडलं आणि त्यांचा बुडून मृत्यू झाला.

दुसऱ्या महायुद्धापर्यंत विमानवाहू नौकांचा डेक सरळसोट असायचा. मागच्या बाजूने विमान उतरायचं आणि पुढच्या बाजूला आधी उतरलेली विमानं उभी असायची. मध्ये अडसर म्हणून जाड तारांचा अडथळा उभारलेला असायचा. हूक लागला नाही तर विमान त्या अडथळ्यात घुसायचं, आणि तोही चुकला तर थेट उभ्या विमानांवर. पुन्हा उडायला जागाच नसायची. म्हणून डेकवरच्या अधिकाऱ्याने खूण केली की वैमानिकाने इंजिन बंद करायचं आणि विमान डेकवर टाकायचं, अशी पद्धत होती.

मग जेट आली. ३ डिसेंबर १९४५ रोजी ब्रिटिश वैमानिक एरिक ब्राऊन यांनी ‘सी व्हॅम्पायर’ हे जेट ‘एचएमएस ओशन’वर उतरवलं. नौकेवरचं जेटचं हे पहिलं लँडिंग मानलं जातं. ब्राऊन यांच्या नावावर पुढे २,४०७ डेक लँडिंगचा विक्रम नोंदला गेला. पण जेट विमानं जड होती, वेगाने यायची आणि त्यांची इंजिनं ताकद पकडायला वेळ घ्यायची. सरळ डेकवर त्यांच्या एका चुकीची किंमत फार मोठी होती.

उत्तर सापडलं १९५१ मध्ये, आणि ते इतकं साधं होतं की आधी कुणाला कसं सुचलं नाही असं वाटावं. ब्रिटिश नौदलातले डेनिस कॅम्बेल यांनी सुचवलं, उतरण्याचा पट्टा थोडा तिरका करा. डेकची मधली रेषा डावीकडे काही अंशांनी वळवली की पट्ट्याच्या टोकाला उभी विमानं येत नाहीत, मोकळा समुद्र येतो. हूक लागला नाही तर सरळ उडून जा.

तिरक्या डेकमुळे चुकायला जागा मिळाली. इंजिन बंद करण्याच्या जागी पूर्ण ताकद देण्याची पद्धत आली ती त्यामुळे.

भारताची पहिली विमानवाहू नौका, जुनी ‘आयएनएस विक्रांत’, ४ मार्च १९६१ रोजी बेलफास्टमध्ये नौदलात दाखल झाली, ती असा तिरका डेक घेऊनच. १८ मे १९६१ रोजी लेफ्टनंट आर. एच. ताहिलियानी यांनी तिच्यावर पहिलं जेट उतरवलं. तेच पुढे नौदलप्रमुख झाले. निवृत्तीनंतर ही विक्रांत बरीच वर्षं मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती. शाळेच्या सहलीत तिच्या डेकवर फिरला असाल, तर त्या तिरक्या पट्ट्यावरून चालला असाल.

एक मीटरची चूक

आता वैमानिकाच्या जागी बसून पाहू. प्रवासी विमान टेकण्याआधी नाक थोडं वर उचलतं, तरंगतं आणि हलकेच बसतं. आपण त्याला ‘स्मूद लँडिंग’ म्हणतो. नौकेवर हे चालत नाही. तरंगणं म्हणजे पुढे जाणं, आणि पुढे जाणं म्हणजे दोर चुकणं. त्यामुळे लढाऊ विमान ज्या उतारावर येतं त्याच उतारावर थेट डेकवर आदळतं. या विमानांची चाकं आणि त्यांचे दांडे म्हणूनच जमिनीवरच्या विमानांपेक्षा खूप मजबूत असतात.

हा उतार साधारण साडेतीन अंशांचा असतो. त्याचं गणित सोपं आहे. विमान ठरलेल्या रेषेपेक्षा फक्त एक मीटर उंच असेल, तर ते डेकवर सुमारे १६ मीटर पुढे टेकेल. दोन दोरांमधलं अंतर साधारण १२ ते १५ मीटर असतं. म्हणजे एक मीटर उंचीची चूक आणि एक अख्खा दोर हातचा गेला.

उलट एक मीटर खाली आलं तर? तिथे डेकचा मागचा काठ आहे. अमेरिकेच्या मोठ्या नौकांवरही बरोबर रेषेत येणाऱ्या विमानाचा हूक त्या काठावरून साधारण १४ फूट वरून जातो. दीड मजल्याइतकी उंची. फार खाली आलं तर विमान थेट काठावर आपटतं. म्हणून बोल्टर परवडतो, पण खाली येणं परवडत नाही.

दिव्यांची भाषा

एवढी अचूक रेषा डोळ्यांनी कशी पकडायची? डेकच्या डाव्या बाजूला दिव्यांची एक यंत्रणा असते. आडव्या हिरव्या दिव्यांची एक रांग आणि तिच्या मध्ये वर-खाली सरकताना दिसणारा एक पिवळा ठिपका. ठिपका हिरव्या रांगेच्या वर दिसला तर तुम्ही उंच आहात, खाली दिसला तर खाली, आणि लाल झाला तर धोक्याच्या खाली. ठिपका रांगेत धरून ठेवला की विमान बरोबर रेषेत. अमेरिकी वैमानिक या ठिपक्याला ‘मीटबॉल’ किंवा नुसतं ‘बॉल’ म्हणतात. विक्रमादित्यवर रशियन बनावटीची ‘लूना’ ही यंत्रणा हेच काम करते.

या कल्पनेचे जनक निकोलस गुडहार्ट हे ब्रिटिश नौदल अधिकारी. त्यांनी कार्यालयातल्या सेक्रेटरीचा छोटा आरसा आणि लिपस्टिक घेऊन ही कल्पना टेबलावर करून दाखवली, असा किस्सा सांगितला जातो. सुरुवातीला खरोखरच आरसा वापरला जायचा. पुढे भिंगं आली.

पण जहाज लाटांवर वर-खाली होतं, त्याचं काय? दिव्यांची यंत्रणा जहाजाच्या हेलकाव्यांप्रमाणे स्वतःला सावरून घेते. डेक हलला तरी वैमानिकाला दाखवलेली रेषा शक्य तितकी स्थिर राहते.

जहाज पळत असतं, तेही तिरकं

विमानं उतरवताना नौका एका जागी उभी नसते. ती वाऱ्याच्या दिशेने तोंड करून वेगाने चालते. त्यामुळे वारा आणि नौकेचा वेग मिळून समोरून जोरदार हवा येते. विमान हवेत ताशी २५० किलोमीटरने उडत असेल आणि समोरून ताशी ४५ किलोमीटरचा वारा मिळाला, तर डेकच्या तुलनेत त्याचा वेग २०५ राहतो. दोरांवरचा ताण तेवढा कमी.

पण यात एक मेख आहे. पट्टा तिरका आणि जहाज मात्र सरळ पुढे चाललेलं. त्यामुळे वैमानिकाच्या नजरेतून धावपट्टी सतत उजवीकडे सरकत राहते. मधली रेषा एकदा पकडून भागत नाही, शेवटच्या क्षणापर्यंत पुन्हा पुन्हा पकडावी लागते. थोडं चुकलं तर पंख बाजूच्या उभ्या विमानांकडे जातो.

‘नाही’ म्हणायचा अधिकार

डेकच्या मागच्या भागात, डाव्या काठावर एक अधिकारी उभा असतो. लँडिंग सिग्नल ऑफिसर. हा स्वतः डेकवर उतरलेला वैमानिक असतो. जुन्या काळात हे अधिकारी हातात बॅडमिंटनसारखी रंगीत फळकुटं घेऊन खुणा करायचे, म्हणून अमेरिकी नौदलात त्यांचं टोपणनाव आजही ‘पॅडल्स’ आहे. आता हातात रेडिओ आणि एक बटण असतं.

बटण दाबलं की लाल दिवे लुकलुकायला लागतात. अर्थ एकच: उतरू नको, ताकद दे, निघून जा. याला ‘वेव्ह ऑफ’ म्हणतात आणि तो आदेश असतो. वैमानिकाला कितीही वाटलं की सगळं बरोबर आहे, तरी तिथे वाद घालता येत नाही. डेकवर कुणी चुकून आलं असेल, आधीचं विमान बाजूला झालं नसेल किंवा विमान रेषेखाली जात असेल, तर ते आधी या अधिकाऱ्याला दिसतं. त्याच्या फलाटाशेजारी एक जाळी असते. विमान अंगावर येतंय असं वाटलं तर तिच्यात उडी मारायची.

अमेरिकी नौदलात प्रत्येक लँडिंगला शेरा मिळतो आणि तो तुकडीच्या खोलीतल्या फळ्यावर सगळ्यांना दिसेल असा लावला जातो. नवशिका असो की प्रमुख, सूट कुणालाच नाही.

रात्र

दिवसा क्षितिज दिसतं, जहाजामागचा पांढरा फेस दिसतो, डेकचा आकार दिसतो. अमावास्येच्या रात्री समुद्र आणि आकाश एकच काळा पडदा होतात. त्यात मोजके दिवे. विमान सरळ आहे की कललंय, हे शरीराला कळेनासं होतं. वैमानिकाला उपकरणांवर विश्वास ठेवूनच यावं लागतं.

व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकी नौदलाच्या वैमानिकांच्या हृदयाचे ठोके प्रत्यक्ष मोहिमांमध्ये मोजले गेले. शत्रूवर बॉम्ब टाकतानापेक्षा नौकेवरून उडताना आणि नौकेवर उतरताना ते जास्त वेगाने पडत असल्याचं दिसलं.

म्हणूनच नव्या विक्रांतच्या बाबतीत दोन तारखा वेगवेगळ्या लक्षात ठेवल्या जातात. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी तिच्यावर तेजसची नौदल आवृत्ती आणि ‘मिग-२९के’ पहिल्यांदा उतरली. २४ मे २०२३ रोजी ‘मिग-२९के’ पहिल्यांदा रात्री उतरलं.

सगळं असूनही चुकतं तेव्हा

इंधन हा यातला न दिसणारा घटक आहे. प्रत्येक बोल्टर आणि प्रत्येक वेव्ह ऑफ इंधन खातो. किनाऱ्यावरच्या तळापर्यंत जाण्यापुरतं इंधन उरलं की परत फिरायचं, अशी एक सीमा ठरवलेली असते. पण जमीन टप्प्यात नसेल तर? मग हवेत इंधन देणारं दुसरं विमान लागतं, नाहीतर उतरावंच लागतं.

नोव्हेंबर २०१६ मध्ये सीरियाजवळच्या समुद्रात रशियाची ‘अॅडमिरल कुझनेत्सोव्ह’ ही नौका होती. तिच्या दोरांच्या यंत्रणेत बिघाड झाला. दुरुस्ती होईपर्यंत हवेत घिरट्या घालणारं एक मिग समुद्रात कोसळलं. इंधन संपल्याचं वृत्त तेव्हा आलं होतं. काही आठवड्यांतच त्याच नौकेवर ‘सुखोई-३३’ उतरताना दोर तुटला आणि तेही विमान गेलं. दोन्ही वेळा वैमानिक बाहेर पडून वाचले.

२४ जानेवारी २०२२ रोजी दक्षिण चीन समुद्रात ‘यूएसएस कार्ल विन्सन’वर ‘एफ-३५सी’ हे अत्याधुनिक विमान डेकच्या मागच्या काठावर आपटलं, फिरत फिरत डेकवरून गेलं आणि पाण्यात पडलं. वैमानिकासह सात जण जखमी झाले. याचाही व्हिडिओ बाहेर आला. वैमानिक नेहमीपेक्षा घाईचं वळण पहिल्यांदाच घेत होता आणि त्यात विमानाची ताकद आपोआप सांभाळणारी व्यवस्था सुरू करायची राहून गेली, असं चौकशीत समोर आलं. विमान खूप खाली, खूप हळू आलं. लक्षात आलं तेव्हा त्याने पूर्ण ताकद दिली, पण उशीर झाला होता. समुद्रतळावरून, सुमारे १२,४०० फूट खोलवरून, ते विमान नंतर बाहेर काढण्यात आलं.

६ मे २०२५ रोजी तांबड्या समुद्रात ‘यूएसएस ट्रुमन’वर दोरांची यंत्रणा विमानाला थांबवू शकली नाही आणि ‘एफ/ए-१८’ समुद्रात गेलं. दोघेही वैमानिक बाहेर पडून वाचले. म्हणजे पूर्ण ताकद दिली की विमान वाचतंच असं नाही. दोराने वेग इतका कमी केलेला असेल की उडताच येत नाही, तर शेवटचा उपाय म्हणजे खुर्चीसकट बाहेर पडणं. लँडिंग सुरू असताना बचावाचं हेलिकॉप्टर जवळपास तयार असतं, ते यासाठीच.

दोराशिवाय उतरता येत नाही का?

येतं. ‘आयएनएस विराट’वरची ‘सी हॅरियर’ विमानं हवेत थांबून सरळ खाली उतरायची. त्यांना हूक लागत नसे. आजचं ‘एफ-३५बी’ही तसंच उतरतं. पण सरळ उतरणाऱ्या विमानाला त्यासाठीची यंत्रणा सतत वाहून न्यावी लागते. त्यामुळे इंधन आणि शस्त्रांसाठीचं वजन कमी होतं. विराटची विमानं २०१६ मध्ये आणि ती स्वतः ६ मार्च २०१७ रोजी मुंबईत निवृत्त झाली. आता भारताच्या दोन्ही नौकांवर दोरांचीच पद्धत आहे.

मग माणूस कशाला, कॉम्प्युटरने उतरवावं? तेही झालंय. १० जुलै २०१३ रोजी ‘एक्स-४७बी’ हे वैमानिक नसलेलं विमान ‘यूएसएस जॉर्ज एच. डब्ल्यू. बुश’वर उतरलं. अमेरिकेच्या नव्या विमानांत वैमानिकाचे शेवटच्या क्षणीचे बरेचसे हातचे बदल संगणक सांभाळतो. पण हूक, दोर आणि पूर्ण ताकदीचा नियम तिथेही तसाच आहे.

आणि याचा सराव कुठे होतो? गोव्यात

थेट समुद्रात कुणालाही पाठवत नाहीत. गोव्याच्या दाबोळी विमानतळावर तुम्ही उतरला असाल, तर तुम्ही नौदलाच्या ‘आयएनएस हंसा’ या तळावर उतरला आहात. तिथेच जमिनीवर विमानवाहू नौकेच्या डेकसारखी सोय बांधलेली आहे. उड्डाणासाठी पुढे वर वळलेला उतार आणि उतरण्यासाठी अरेस्टर वायर.

१३ सप्टेंबर २०१९ रोजी तेजसची नौदल आवृत्ती याच ठिकाणी पहिल्यांदा दोर पकडून उतरली. चार महिन्यांनी, ११ जानेवारी २०२० रोजी, कमोडोर जयदीप मावळणकर यांनी तेच तंत्र विक्रमादित्यवर समुद्रात करून दाखवलं. भारतात घडवलेलं लढाऊ विमान विमानवाहू नौकेवर उतरण्याची ती पहिली वेळ. जमिनीवर दोर चुकला तर पुढे जमीन असते. समुद्रात पुढे पाणी असतं. हा चार महिन्यांचा प्रवास त्या फरकाचा होता.

जानेवारी २०२२ मध्ये फ्रान्सचं ‘राफेल मरीन’ याच गोव्याच्या तळावर आजमावून पाहिलं गेलं. एप्रिल २०२५ मध्ये भारताने अशी २६ विमानं घेण्याचा करार केला. त्यातली चार दोन आसनी, म्हणजे प्रशिक्षणाच्या कामाची आहेत. येत्या काही वर्षांत नव्या वैमानिकांना या विमानांवर तीच एक सवय नव्याने हातात बसवावी लागेल. चाकं टेकली, समोर समुद्र दिसतोय, सगळं शरीर सांगतंय की थांब. अशा वेळी हात मागे ओढायचा नाही, पुढे ढकलायचा.